दोन सूर्यांची रंगीत तालीम

“बाई, यान कोसळताना आत उजेड कसा असेल?” सन्मतीनं विचारलं आणि हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली.

मला काय माहीत! जयसिंगपूरच्या त्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. नोकरीचं दुसरंच वर्ष. नाटकाशी माझा संबंध प्रेक्षकापुरता. पण शाळेचं रौप्यमहोत्सवी वर्ष होतं, आणि संगीत शिकवणाऱ्या हेरवाडकर सरांनी उन्हाळ्याच्या सुटीत बसून एक विज्ञान-संगीतिका लिहिली होती. पृथ्वीवरची मुलं यानातून निघतात, वादळात सापडतात आणि अशा ग्रहावर जाऊन आदळतात जिथं दोन सूर्य आहेत. एक मावळायच्या आत दुसरा डोक्यावर, त्यामुळं तिथं रात्र म्हणून होतच नाही. तिथल्या पोरांना झोप ठाऊक नाही, चांदण्या ठाऊक नाहीत. शेवटी आपली मुलं त्यांना अंगाई म्हणायला शिकवतात. “विजेचं काम आहे ना, मग मगदूम बाईंकडं द्या,” असं हेडबाई मीटिंगमध्ये म्हणाल्या आणि प्रकाशयोजना माझ्या गळ्यात पडली.

“तांबडा असेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तांबडा कशाला? आग लागलीय का?”

“दिवाळीची माळ लावू या की, बाई. यानाची बटणं दिसतील.”

“आणि कृष्णविवर? काळ्या छत्रीत बॅटरी धरून छत्री फिरवायची!”

सन्मती नववीतला, सगळ्यांच्या आधी बोलणारा. त्याच्या शेजारी जमीला बसलेली. ती बोलायची कमी, पण बोलली की काम पुढं सरकायचं. ती म्हणाली, “बाई, आधी सूर्याचं ठरवू या. यान थोडा वेळच आहे. सूर्य सगळ्या नाटकभर आहेत.”

मी तिला शाबास म्हणणार, तेवढ्यात दारात नांद्रे अण्णा उभे राहिले.

अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तेलाच्या गिरणीचे मालक, पांढरी टोपी, पांढरं धोतर, मोठा आवाज आणि तेवढंच मोठं मन. माझी नोकरी त्यांच्या शब्दावर लागलेली. वडील गेल्यानंतर आमच्या घरी ते नेमानं डोकावायचे, आणि तालमी चालू होत्या त्याच महिन्यात त्यांनी माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगा इचलकरंजीचा, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, पसंती आली होती. स्नेहसंमेलन पार पडलं की साखरपुडा. शाळेत ते मला ‘मगदूम बाई’ म्हणायचे आणि घरी ‘पोरी’.

त्यांच्या मागं मंडप-लायटिंगवाला मुजावर होता. त्याच्या हातात काळा पत्र्याचा डबा, पुढच्या अंगाला काच.

“मगदूम बाई, तुमची अडचण मिटवून टाकली,” अण्णा म्हणाले. “परवा सांगलीला एका लग्नात ऑर्केस्ट्रा होता. तिथं असला लाइट लावला होता, काय सांगू! नुसता लपलप, लपलप. माणूस नाचतंय का तुकड्यातुकड्यानं उडतंय, कळंना. मी तिथंच ठरवलं, आपल्या पोरांच्या यानाला हाच पाहिजे. काय म्हणतात रे याला?”

“स्ट्रोब,” मुजावर म्हणाला.

“हां, ते. लावून दाखव.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुजावर प्लगकडं वाकला.

“आत्ता नको, अण्णा,” मी म्हणाले. आवाज जरा चढलाच. “खिडक्यांतनं ऊन येतंय. काही दिसायचं नाही.”

अण्णांनी खिडक्यांकडं बघितलं. “खरंय. मग असं करू. शनिवारी रंगीत तालीम आहे ना? काळे पडदे लावून घ्या. बालवाडीपासनं सगळी शाळा बसवा समोर. होऊ दे पोरांचीपण मजा.”

डबा स्टेजवर विंगेत ठेवून ते गेले. त्या दिवशी मी पुढचं काही नीट ऐकलं नाही. बोलत होते पोरांशी, पण पाठीमागं तो डबा आहे हे मला सारखं कळत होतं.

त्यानंतरचे दिवस मी झपाटल्यासारखी कामाला लागले. माझ्या मनात एकच होतं. या नाटकात इतकं काही चांगलं करून दाखवायचं, की त्या डब्याची कुणाला आठवणच राहू नये.

प्रयोगशाळेतल्या दोन चिनी मातीच्या बरण्या घेतल्या. त्यांत मिठाचं पाणी भरून लाकडी मुठी लावलेल्या शिशाच्या पट्ट्या सोडल्या. पट्ट्या एकमेकींजवळ आणल्या की दिवा वाढतो, लांब नेल्या की मंदावतो. जुन्या नाटकमंडळींची युक्ती होती ती, मला माझ्या कॉलेजातल्या सरांनी दाखवलेली. बरण्यांभोवती दोरी बांधली आणि पोरांना दम दिला, “दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. इथं फक्त मी.” एका बरणीवर एक सूर्य. पत्र्याचे रिकामे तेलाचे डबे कापून त्यांत मोठे दिवे बसवले, तोंडाला जिलेटीन पेपर. मी म्हटलं, एक सूर्य तांबडा करू, एक हिरवा.

पहिल्यांदा दोन्ही दिवे एकदम लावले तेव्हा निराशाच झाली. मागच्या पांढऱ्या पडद्यावर तांबडं आणि हिरवं मिसळून नुसता पिवळट उजेड पसरला. सन्मती म्हणाला, “हे तर आमच्या घरातल्या बल्बसारखंच झालं की!”

“थांब,” जमीला म्हणाली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

पडद्यावर तिच्या दोन सावल्या पडल्या. एक तांबडी, एक हिरवी. काळी सावली नव्हतीच. फक्त जिथं त्या एकमेकींवर चढत होत्या तिथं एक काळी फट होती. तिनं हात वर केला, तर एक तांबडा हात वर गेला आणि एक हिरवा.

मग सगळी पोरं एकदम स्टेजवर चढली. नुसता दंगा. दोन दोन सावल्या नाचायला लागल्या, एकमेकींना शिवायला लागल्या.

“बाई, तांबड्या दिव्यासमोर उभं राहिलं तर सावली हिरवी कशी?” सन्मतीनं ओरडून विचारलं.

“तू तांबडा अडवलास, मग तिथं शिल्लक काय राहिलं?”

तो कपाळावर हात मारून हसला. एवढी प्रकाशाची गोष्ट मी वर्गात फळ्यावर किती वेळा काढली होती. असं हसलं नव्हतं कुणी.

हेरवाडकर सरांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग पेटीजवळ जाऊन त्यांनी ग्रहावरच्या पोरांचं गाणं वाजवलं आणि तिथल्या तिथं त्यात दोन ओळी नव्या बसवल्या. मला वाटलं, हीच वेळ आहे.

“सर, वादळाच्या सीनला पण असंच काहीतरी करू या का? तो स्ट्रोब नको वाटतो मला.”

“का?”

“सगळं इतकं सुंदर चाललंय. त्यात तो भडकपणा कशाला?”

“बाई, वादळ भडकच असतं,” ते म्हणाले. “तिथं ढोलकीचा कडकडाट आहे. त्या ठेक्यावर तो लाइट लपलपला तर पोरं खुर्चीतनं उठतील. आणि अण्णांनी हौसेनं आणलाय. त्यांना नाही कोण म्हणणार?”

“व्होल्टेज पुरायचं नाही.”

“जनरेटर आणतायत ते.”

“लहान मुलं घाबरतील.”

सरांनी पेटीचा भाता लावला आणि माझ्याकडं निरखून बघितलं. “मगदूम बाई, एवढं काय वाकडं आहे तुमचं त्या लाइटशी?”

मी काहीतरी पुटपुटले आणि बरणीतलं पाणी ओतून टाकायला निघून गेले.

घरी आल्या आल्या आईनं ओळखलं. ती निवडत असलेलं तांदळाचं ताट बाजूला सारून म्हणाली, “काय झालं?”

मी सांगितलं. लपलपणारा लाइट म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. ती उठली आणि बाहेरचं दार लोटून आली. या विषयावर बोलायचं तर आमच्याकडं आधी दार लोटलं जायचं.

मला फिट यायच्या. पहिली आली तेव्हा मी सहावीत होते. बसनं सांगलीला चाललो होतो, दोन्ही बाजूंना झाडांची रांग, आणि झाडांमागं उतरतं ऊन. उजेड, सावली, उजेड, सावली. तोंडावर कुणीतरी भराभर चापट्या मारल्यासारखं वाटलं एवढं आठवतं. नंतर डोळे उघडले ते आईच्या मांडीवर, तोंडात रक्त, आणि भोवती बसमधली सगळी माणसं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा उघडझाप उजेडानं काहीजणांना येते, सगळ्यांना नाही. गोळी चुकवायची नाही. आणि असला उजेड आलाच, तर एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरायचा आणि तोंड फिरवायचं. गोळ्या सुरू झाल्यावर त्रास कमी कमी होत गेला, आणि बरीच वर्षं मला काही झालं नव्हतं. पण वडील गेल्यावर ही गोष्ट आई, मी आणि डॉक्टर सोडून गावात कुणाला ठाऊक नव्हती. गोळ्यासुद्धा आम्ही गावातल्या दुकानातनं घेत नव्हतो, मिरजेहून आणायचो.

“शनिवारी रजा टाक,” आई म्हणाली.

“रजा कशी टाकू? सगळे दिवे माझ्याकडं आहेत.”

“मग त्या सीनला बाहेर जा. पाणी प्यायला गेले म्हणून सांग.”

“आणि खेळाच्या दिवशी?”

“त्या दिवशीपण जा. शोभा, ऐक माझं. अण्णांच्या बहिणीचं घर आहे ते. असं घर पुन्हा दारात येणार नाही. साखरपुडा होऊ दे, लग्न होऊ दे, पदरात एक मूल पडू दे. मग सांग काय सांगायचं ते.”

“तोपर्यंत त्याच्यापासनं लपवून गोळ्या घेऊ?”

“घेतल्यास की इतकी वर्षं.”

“आई, अण्णांना एकट्याला सांगितलं तर? ते चांगले आहेत.”

“चांगले आहेत म्हणूनच बहिणीला सांगतील,” आई म्हणाली. “नाही सांगायचं. माझी शपथ आहे तुला.”

तिनं पुन्हा ताट पुढं ओढलं. निवडलेले तांदूळ ती परत निवडत होती.

शनिवारपर्यंत मला एका जागी बसवेना. वर्गात शिकवता शिकवता खडू हातातच राहायचा. स्टाफरूममध्ये चहा समोर आला की उठून हॉलकडं जायची, दिवे तपासायची, वायरी गुंडाळायची, सोडायची. बाहेर जाणं अवघड नव्हतं. विंगेतनं तीन पावलांवर मागचं दार होतं. वादळ सुरू व्हायच्या आधी यानातली मुलं एक गाणं म्हणायची, त्याच्या शेवटच्या कडव्याला मी निघायचं. सन्मतीला सांगून ठेवलं, “मी आले नाही तर तू स्विच बंद करायचा, वायरीला हात लावायचा नाही.” तो खूश झाला. कुणाला संशय यायचं काहीच कारण नव्हतं.

शनिवारी सकाळी काळे पडदे लागले. हॉलमध्ये भरदिवसा अंधार. सगळी शाळा सतरंज्यांवर बसली. पुढं बालवाडी आणि पहिलीची पोरं, मांडीला मांडी लावून, तोंडं वर करून. खुर्च्यांवर अण्णा, हेडबाई, इतर शिक्षक. मुजावरनं स्ट्रोबचा डबा स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडं तोंड करून ठेवला होता. अण्णांचीच सूचना, “सगळ्यांच्या डोळ्यांवर आला पाहिजे.”

तालीम सुरू झाली. यान निघालं, दिवाळीच्या माळेची बटणं लुकलुकली, पोरं ‘हुर्रे’ ओरडली. कप्तान झालेली वैजयंती गायला लागली. तिचं शेवटचं कडवं आलं. मी पट्ट्या लांब केल्या, स्टेज अंधारलं. मी मागच्या दाराकडं गेले आणि कडीला हात घातला.

कडी काढून दार उघडता उघडता मागं वळून बघितलं. कशाला बघितलं, आजही सांगता येत नाही. उघडत्या दारातनं उजेडाची एक पट्टी आत गेली होती आणि ती बरोबर पुढच्या ओळीवर पडली होती. लहान लहान तोंडं. एकजण अंगठा चोखत होता. सगळ्यांचे डोळे त्या डब्याकडं, कारण आता तिथं काहीतरी भारी होणार आहे हे त्यांना सांगून ठेवलेलं.

मला ठाऊक होतं म्हणून मी बाहेर चालले होते. यांच्यात कुणी असेल तर त्याला ठाऊकसुद्धा नसेल. बसमध्ये बसेपर्यंत मला तरी कुठं ठाऊक होतं?

ढोलकी सुरू झाली. मुजावर बटणाकडं वाकला.

“थांबा!” मी ओरडले. “लावू नका!”

ढोलकी अडखळून थांबली. मी धावत जाऊन डब्याच्या काचेसमोर उभी राहिले. कुणीतरी हॉलचे साधे दिवे लावले.

“काय झालं, मगदूम बाई?” अण्णा खुर्चीतनं उठले. “शॉक लागला का कुणाला?”

“नाही. हा लाइट नको, अण्णा.”

“परत तेच? व्होल्टेजचं सरांनी सांगितलं मला. जनरेटर लावलाय बाहेर.”

“व्होल्टेजचं नाही. असल्या लाइटनं फिट येऊ शकते. आकडी.”

हॉलमध्ये कुजबूज उठली. हेडबाई पुढं आल्या. “काहीतरीच काय! लग्नामुंजीत सगळीकडं लावतात.”

“सगळ्यांना येत नाही. काहीजणांना येते.”

“मग त्यांना बाहेर बसवू या की,” हेरवाडकर सर म्हणाले. ते चिडलेले नव्हते, त्यांना खरंच तोडगा काढायचा होता. “नावं सांगा, बाई. कुणाकुणाला येते?”

मी पोरांकडं बघितलं. सन्मती विंगेत उभा होता, जमीला त्याच्या मागं. वैजयंतीनं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण काढून हातात धरलं होतं. नाव सांगायचं तर माझ्याकडं एकच होतं.

“मला,” मी म्हणाले. “मला येते.”

बाहेरच्या जनरेटरची घरघर तेवढी आत येत होती.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग दोन पावलं जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोरी, काय बोलतीयस तू? तिकडं इचलकरंजीला...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी खाली बघितलं नाही, एवढंच मला त्या वेळचं बरं आठवतं. ते वळले, टोपी नीट केली आणि सतरंजीवरच्या पोरांमधनं वाट काढत बाहेर गेले. हेडबाई त्यांच्या मागं.

मुजावरनं काही न विचारता प्लग काढला.

मी तिथंच स्टेजच्या कडेला टेकले. सन्मती जवळ येऊन उभा राहिला. “बाई, आत्ता येणारेय का तुम्हाला?”

“नाही रे.”

“मग तालीम चालू करायची?”

“वादळाला लाइट कुठंय?” वैजयंती म्हणाली.

जमीला विंगेतनं पुढं आली. वर आडव्या बांबूला हिरव्या सूर्याचा डबा दोरीनं टांगलेला होता. दिवा लागलेला नव्हता. ती काठी घेऊन आली आणि तिनं डब्याला हलकेच ढोसलं. डबा झुलायला लागला.

“बाई, हा असा झुलताना लावा.”

मी उठले. पट्ट्या जवळ आणल्या. हॉलचे दिवे बंद झाले.

पडद्यावरच्या सगळ्या सावल्या एका बाजूला कलल्या. मग सावकाश दुसऱ्या बाजूला. यानाचा पुठ्ठा जागचा हलला नव्हता, पण सगळं स्टेज होडीसारखं डोलायला लागलं. वैजयंतीच्या लक्षात आलं आणि ती सावल्यांच्या उलट बाजूला तोल सावरत गेली. तिच्या मागं सगळी पोरं. पुढच्या ओळीतल्या एका पोरीनं घाबरून शेजारणीचा हात धरला आणि बालवाडीची सगळी ओळ बसल्या जागी डोलायला लागली. हेरवाडकर सरांनी ढोलकीवाल्याला खूण केली. आधीचा कडकडाट नाही, त्या झुलण्याच्या चालीनं, सावकाश.

त्या संध्याकाळी अण्णा आमच्या घरी आले. आत आले नाहीत, उंबऱ्यातच उभे राहिले. आईला म्हणाले, “वहिनी, मला एका शब्दानं तरी सांगायचं होतं तुम्ही. मी तोंडघशी पडलो.” आईनं पदर तोंडावर घेतला. ते गेल्यावर ती मला काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही कितीतरी दिवस नाही. ताट वाढायची, मुकाट्यानं आत जायची. इचलकरंजीहून नकाराचा निरोप आला, तो तिनं दारातच घेतला. हेडबाईंनी डॉक्टरांचा दाखला मागितला आणि दाखला येईपर्यंत मला प्रयोगशाळेत जायला मनाई केली. गॅसच्या शेगड्या असतात, म्हणाल्या. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली.

एकटे हेरवाडकर सर आधी होते तसेच होते. खेळाच्या दिवशी मध्यंतरात ते विंगेत आले आणि माझ्यावर खेकसले, “बाई, दुसरा सूर्य उशिरा उगवला! माझी गाणारी पोरगी एक ओळ अंधारात गायली!” इतकं बरं वाटलं मला. त्या आठवड्यात माझ्यावर मोकळेपणानं चिडलेलं ते पहिलंच माणूस.

खेळ झाला. ग्रहावरच्या मुलांना दोन दोन सावल्या फुटल्या तेव्हा प्रेक्षकांतनं जो आवाज आला तो मी मिठाच्या पाण्यातल्या पट्ट्यांच्या मुठी धरूनच ऐकला. अंगाईच्या वेळी मी दोन्ही सूर्य हळूहळू विझवत नेले, आणि त्या ग्रहावर पहिल्यांदा रात्र झाली. अण्णा पहिल्या रांगेत होते. बक्षिसं त्यांनीच वाटली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. आई खेळाला आली नव्हती.

नंतर परीक्षा लागल्या. दाखला आला, प्रयोगशाळा परत मिळाली. आई आता कामापुरतं बोलायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हे असंच राहणार.

एके दिवशी दुपारी शाळा लवकर सुटली. घराजवळ आले तर दार सताड उघडं आणि ओट्यावर दोन अनोळखी चपला, एक बाईची, एक लहान मुलीची. आतून आईचा आवाज येत होता. मी ओट्यावरच थांबले.

सोप्यात आई बसली होती. समोर एक बाई, शिरोळकडच्या असाव्यात, आणि त्यांना चिकटून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. तिच्या कपाळावर पडल्याची ताजी खूण होती. बाई सांगत होत्या, “आमच्या दिराची पोरगी तुमच्या शाळंत आहे. तिनं घरात सांगितलं, आमच्या एका बाईंनी सगळ्यांम्होरं असं असं सांगितलं म्हणून. म्हटलं, जाऊन इचारावं. घरात कुणाला बोलले नाही, बाजाराला म्हणून आलीय.”

“कुणाला सांगितलंय का हिचं?” आईनं विचारलं.

“न्हाई वो. पोरीची जात. कसं सांगायचं?”

आईनं मुलीच्या कपाळावरच्या खुणेवरनं हात फिरवला. मग म्हणाली, “माझी एक बहीण होती. सुशीला.”

सुशीलामावशीला मी फोटोतच बघितलेलं. माझ्या जन्माआधी ती गेली. आडावर पाणी काढताना पाय घसरला, एवढंच आम्हाला माहीत होतं.

“पाय घसरला म्हणून सांगतो आम्ही सगळ्यांना,” आई म्हणाली. “पाय घसरला नव्हता. तिला फिट यायच्या. सासरी सांगितलं नव्हतं, माझ्या आईनं सांगू दिलं नव्हतं. आणि सांगितलंच नाही म्हटल्यावर तिला एकटीला आडावर पाठवू नका असं म्हणणार कोण? पाठवलं त्यांनी. त्यांना तरी काय माहीत?”

बाईंनी मुलीला जवळ ओढलं.

“तुम्ही सांगा,” आई म्हणाली. “घरात सांगा, शाळेत सांगा. शेजारणीला सांगा. पोरगी पाण्यावर जाते, रस्त्यानं जाते, तिथं जे जे कुणी असतं त्या सगळ्यांना सांगा.” तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि तेव्हा तिला मी दिसले.

मी काय काय ऐकलं ते तिला कळलं होतं. ती दार लोटायला उठली नाही. थोडी बाजूला सरकली आणि सतरंजीवर तिच्या शेजारी जागा झाली.

“ही माझी मुलगी,” ती त्या बाईंना म्हणाली. “ये शोभा, बैस. डॉक्टरांचं मी सांगितलंय. गोळ्यांचं तू सांग. मला त्यांची नावं नीट म्हणता येत नाहीत.”

मी पिशवी खाली ठेवली आणि आईशेजारी, त्या मुलीच्या समोर बसले.